चुणीत गेलेलं पान

चित्रातल्या बाईला चेहरा जवळजवळ नाहीच. ओठांचा लाल ठिपका आणि हनुवटीखालची सावली, एवढ्यावर तिची बोळवण केली आहे. डोळे हॅटच्या कडेखाली गेलेत. डाव्या हाताने ती उजव्या हातमोज्याचं बटण लावते आहे आणि आपल्याकडे तिचं लक्ष नाही. बाकी सगळं चित्र म्हणजे तिचा ड्रेस. मोहरीच्या पिवळ्या रंगावर काळी, लांबट, देठासकट पानं. कंबर मुठीत मावेल एवढी, आणि तिथून जो घेर सुटलाय तो थेट कागदाच्या दोन्ही कडांना जाऊन टेकतो.

चित्र १९५०च्या दशकातलं, ड्रेसच्या जाहिरातीसाठी काढलेलं. घेराची लांबी पोटरीच्या मध्यावर संपते, कंबर आवळलेली, खांदे उतरते. तेवढ्यावरून काळ सांगता येतो. सही नाही. माझ्याकडे आहे ते मूळ बोर्डाचं, म्हणजे चित्र ज्या जाड पुठ्ठ्यावर काढलं त्याचं, चांगलं मोठं स्कॅन, त्यामुळे छापलेल्या पानावर जे कुणाला कधी दिसलं नसतं ते दिसतं. समासात निळ्या पेन्सिलीने आखलेल्या कापायच्या खुणा आहेत. खालच्या कडेशी ब्रश कोरडा पडत गेल्याचा खरखरीत माग आहे. आणि कमरेपाशी पांढऱ्या गवाश रंगाने (हा अपारदर्शक जलरंग) केलेली दुरुस्ती आहे. त्या पांढऱ्याखालून मूळची कंबर अजून दिसते. ती जरा जाड होती, म्हणजे माणसाची होती.

मी कपडे शिवते, चित्रं काढत नाही. त्यामुळे या चित्राकडे कितीही कौतुकाने पाहायला बसले तरी दहा मिनिटांत मनात शिलाईचा हिशेब सुरू होतो: पन्हा किती असेल, शिवण कुठे घेतली असेल, एवढ्या घेरात ही पानं बसवली कशी. तो हिशेब पुढे येईलच. आधी पानं.

देठापासून टोकापर्यंत सलग, पूर्ण काढलेलं पान शोधू लागलं तर फार थोडी सापडतात. बाकीची सगळी कुठे ना कुठे तुटलेली. एखादं चुणीत शिरतं आणि पलीकडच्या कडेला दोन बोटं खाली त्याचं टोक तेवढं बाहेर येतं. एखाद्याचा नुसता देठ आहे. प्रकाशाच्या बाजूला, तिच्या डाव्या मांडीवरून खाली येणाऱ्या अख्ख्या पट्ट्यात पानंच नाहीत, कोरा पिवळा रंग सोडून दिलाय. तरी तिथे पानं आहेत याबद्दल डोळ्याला क्षणभरही शंका येत नाही. हे लक्षात यायलाच मला बराच वेळ लागला, आणि लक्षात आल्यावर चित्रात दुसरं काही पाहवेना.

साध्या, एकरंगी कापडाची चुणी दाखवायला चित्रकाराकडे सावली असते, बस. नक्षीच्या कापडात तिला आणखी एक साधन मिळतं. चुणीच्या अलीकडे पानाचा किती भाग दिसतो आणि पलीकडे कुठून सुरू होतो, यावरून मधे किती कापड गडप झालंय ते आपोआप कळतं. पान थोडंसंच तुटलं तर चुणी उथळ. देठ एकीकडे आणि टोक दुसरीकडे, मधलं सगळं पान बेपत्ता, तर चुणी चांगली खोल. घेर किती भरगच्च आहे हे असं सांगितलं जातं, आणि पाहणाऱ्याला आपण काही मोजतोय हे कळतही नाही. उलट सगळी पानं इमानेइतबारे काढली असती तर बाई दिसेनाशी झाली असती. कागदावर नुसती पानं उरली असती.

(मी 'ती चित्रकार' म्हणते आहे. सही नसताना असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण त्या काळात जाहिरातींसाठी फॅशनची चित्रं काढणाऱ्यांमध्ये बायका भरपूर होत्या. न्यूयॉर्कच्या लॉर्ड अँड टेलर या मोठ्या दुकानाच्या जाहिरातींची ओळख ज्या चित्रांमुळे झाली ती डोरोथी हूड यांची. बिनसहीचं चित्र दिसलं की चित्रकार पुरुषच धरायची सवय मोडायला माझी एवढीच मदत.)

मासिकांतल्या नावाजलेल्या चित्रकारांमध्ये नक्षीला तोंड द्यायच्या दोन तऱ्हा दिसतात. एक तऱ्हा एरिक यांची. मूळ नाव कार्ल एरिकसन, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात जन्म, व्होग मासिकासाठी कित्येक दशकं काम, मृत्यू १९५८ साली. एरिक समोर जिवंत मॉडेल असल्याशिवाय काढत नसत. त्यामुळे त्यांच्या चित्रात कापड आधी अंगावर बसतं आणि मग नक्षी येते. फूल कोपराच्या वळणावर दबतं, छातीवर पसरतं, गुडघ्याशी मिटतं. दुसरी तऱ्हा रेने ग्रुओ यांची. इटलीतल्या रिमिनी गावचे, जन्म १९०९, पॅरिसचे ड्रेस डिझायनर क्रिस्तियाँ दिओर यांचे मित्र आणि त्यांच्या 'मिस दिओर' अत्तराच्या जाहिरातींचे चित्रकार. ग्रुओ एक जाड, काळीभोर, जिवंत बाह्यरेषा मारतात आणि आत सपाट रंग भरतात. तिथे नक्षी आली तरी वळणाबिळणाच्या भानगडीत फारशी पडत नाही. रेषेच्या आत एका पातळीवर शांत बसून राहते. जपानी ठशांच्या छपाईची आणि फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकच्या पोस्टरांची आठवण त्यात येते.

मला विचाराल तर ग्रुओंचं चित्र भिंतीवर लावावं आणि एरिकचं शिवताना समोर ठेवावं. ग्रुओंच्या चित्रावरून कुणी ड्रेस शिवायला बसेल तर तिचं काही खरं नाही.

माझ्या या बिनसहीच्या चित्रात दोन्ही तऱ्हा आहेत. कमरेच्या वर सगळं जवळजवळ सपाट, खाली घेरात मात्र प्रत्येक चुणीचा हिशेब. आणि वरच्या भागात एक जागा आहे जिच्यासाठी मी हे चित्र पुन्हा पुन्हा मोठं करून पाहते. उजव्या काखेपासून कमरेपर्यंत बाजूची शिवण येते ना, ती तिने रेषेने दाखवलेलीच नाही. एक अर्धं पान इकडून येऊन थांबतं, दुसरं अर्धं पान तिकडून येऊन थांबतं, आणि दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. एवढंच. शिवण तिथे आहे, कारण नक्षी तिथे चुकली आहे.

शिवणाऱ्या माणसाला ही जागा बघून हसू येईल. चांगल्या शिलाईत नक्षी शिवणीवर जुळवतात. पान एका तुकड्यावर संपतं तिथूनच ते दुसऱ्या तुकड्यावर सुरू झालं पाहिजे, म्हणजे शिवण शोधून सापडत नाही. त्यासाठी तुकडे बेतताना पुढेमागे सरकवावे लागतात आणि मधलं कापड वाया जातं. नक्षी जितकी मोठी तितकं जास्त वाया. बारीक बुट्टीचं कापड कसंही बेता, काही बिघडत नाही. वीतभर लांबीचं पान असेल तर प्रत्येक शिवणीमागे वीत वीत कापड सोडायची तयारी हवी. म्हणून माझा अंदाज असा की समोरचा ड्रेस तयार कपड्यांच्या दुकानातला, मध्यम किमतीचा होता. उंची शिवणघरातून आलेला असता तर पानं जुळली असती. आणि चित्रकार एवढी प्रामाणिक की जुळली नव्हती ती तिने जुळवून घेतली नाहीत. किंवा घाईत होती. जाहिरातीच्या कामात घाई नेहमीच असते.

एवढ्या मोठ्या पानांचं कापड अंगावर मिरवणं ही चैन आहे हे त्या काळच्या बाईला सांगावं लागत नव्हतं. थोड्याच वर्षांपूर्वी कापड तोलूनमापून मिळत होतं. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं. लोकरी ड्रेसला त्यातली ११ जात, सुतीला ७. हे १९४९च्या मार्चपर्यंत चाललं. त्याच काळात सरकारी 'युटिलिटी' योजनेतल्या फर्निचरसाठी एनिड मार्क्स यांनी कापडाच्या नक्ष्या केल्या, त्या मुद्दाम लहान घराच्या (म्हणजे तीच आकृती थोड्याच अंतरावर पुन्हा येणाऱ्या), मोजक्या रंगांच्या. कारण अगदी सरळ: नक्षीचं घर लहान असलं की जुळवताना कापड वाया जात नाही. अमेरिकेत १९४२ साली युद्धउत्पादन मंडळाचा एल-८५ नावाचा हुकूम निघाला आणि रोजच्या स्कर्टचा घेर सुमारे ७२ इंचांवर बांधला गेला.

मग १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये ३०, अव्हेन्यू माँतेन या पत्त्यावर दिओर यांनी पहिला संग्रह दाखवला. बारीक कंबर, गोल खांदे, यार्डच्या यार्ड कापड खाणारे स्कर्ट. हार्पर्स बझार या फॅशन मासिकाच्या संपादिका कार्मेल स्नो यांनी त्याला 'न्यू लुक' म्हटलं आणि नाव चिकटलं. लोक रागावलेही, रेशनची कुपनं हातात असताना एका स्कर्टला एवढं कापड बघून कोण खूश होईल? या प्रकाराला भांडवल पुरवणारे मार्सेल बुसाक हे कापड गिरण्यांचे मालक होते, हे मला फार बोलकं वाटतं. घेर वाढला की कुणाचा माल खपणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

सुती छापील ड्रेसला मात्र खरा बहर आला तो पॅरिसच्या बाहेर. ब्रिटनमध्ये प्रेस्टनच्या जुन्या कापड कंपनीने १९४६ साली हॉरॉक्सेस फॅशन्स काढली आणि घेरदार सुती ड्रेसांसाठी खास नक्ष्या करून घेतल्या. ग्रॅहॅम सदरलंड आणि एदुआर्दो पाओलोत्सी यांच्यासारख्या चित्रकारांकडूनही. १९५३-५४च्या राष्ट्रकुल दौऱ्यात राणी एलिझाबेथने हॉरॉक्सेसचे ड्रेस घातले. दुकानात जाऊन कुणालाही विकत घेता येतील असे. १९५५ साली अमेरिकेत फुलर फॅब्रिक्सने पिकासो, मिरो, शागाल, लेजे आणि दुफी यांच्या चित्रांवरून सुती कापडं छापली आणि डिझायनर क्लेअर मॅकार्डेल यांनी त्यांचे ड्रेस केले. म्हणजे नक्षी हा ड्रेसवरचा नुसता साज राहिला नव्हता. ड्रेस ओळखला जायचा तोच नक्षीवरून.

आता तो राहिलेला हिशेब.

कंबर २६ इंच धरा, लांबी २८. पूर्ण गोल घेर बेतायचा तर कमरेच्या गोलाची त्रिज्या येते चार इंचांच्या थोडी वर, आणि खालच्या कडेची ३२ इंचांच्या थोडी वर. म्हणजे खालचा घेर २०० इंचांच्या पुढे, साडेपाच यार्डांहून जास्त. युद्धातल्या त्या ७२ इंचांच्या जवळजवळ तिप्पट. त्या काळी सुती कापडाचा पन्हा ३५-३६ इंचांचा असे. त्यात अर्धवर्तुळ बरोबर बसतं, त्याची सरळ बाजू कापडाच्या किनारीला लावून. अशी दोन अर्धवर्तुळं जोडली की झाला घेर.

पानं सगळी एकाच दिशेने, टोक वर करून छापलेली आहेत असं समजा, चित्रात तशीच आहेत. शिवणी समोर आणि मागे घेतल्या तर पुढे पानं उभी येतात, दोन्ही कुशींना आडवी पडतात आणि पाठीमागे सपशेल उलटी होतात. शिवणी बाजूंना घेतल्या तर समोरच पानं आडवी, एका कुशीला उभी, दुसऱ्या कुशीला उलटी. कापड गोल कापलं की त्यातून सुटका नाही. म्हणूनच गोल घेरासाठी त्या काळी नक्ष्या अशा करत की फुलं चारी दिशांना विखुरलेली असत, कुठूनही पाहा, काही वर नाही, काही खाली नाही. बुंदक्यांचं कापड गोल घेराला इतकं का चालायचं त्याचं एक कारण हेही असणार. बुंदक्याला कुठे आलंय डोकं आणि पाय. ज्यांना दिशा असलेलीच नक्षी हवी त्यांनी कळ्यांचा, म्हणजे वर निमुळते होत जाणारे तुकडे जोडलेला, स्कर्ट करावा, किंवा सरळ पन्हे जोडून कमरेला चुण्या घालाव्यात. काठाची नक्षी असेल तर या चुण्यांच्या स्कर्टखेरीज इलाज नाही, कारण सरळ काठ गोलावर बसत नाही.

माझ्या चित्रातल्या बाईच्या कमरेला एकही चुणी नाही. कापड कंबरपट्टीपासून अगदी सपाट निघतं आणि खाली जाताना लाटा घेत पसरतं, म्हणजे गोल घेर. कळ्यांच्या शिवणीही दाखवलेल्या नाहीत. आणि तरी सगळीच्या सगळी पानं टोक वर करून उभी! पुढे, कुशीला, मागे वळणाऱ्या कडेपर्यंत. ३६ इंची पन्ह्यात हा ड्रेस होऊ शकत नाही. जिने बाजूच्या शिवणीवर न जुळलेलं पान प्रामाणिकपणे न जुळलेलं ठेवलं, तिनेच खाली बिनदिक्कत अख्ख्या घेरातली पानं उभी करून टाकली.

आणखी एक लबाडी आहे. गोल घेराचा काही भाग उभ्या धाग्यावर येतो, काही आडव्या, आणि मधले भाग उरेपावर, म्हणजे तिरके. उरेप कापड स्वतःच्या वजनाने ओघळतं. म्हणून गोल घेर शिवला की तो निदान रात्रभर टांगून ठेवायचा, ओघळायचा तेवढा ओघळू द्यायचा, मग जमिनीपासून सारखं अंतर मोजून खालची कड कापायची. चित्रात ही कड जन्मतःच सरळ आहे. घेर उचलून धरणारे नायलॉनच्या जाळीचे परकरही कुठे दिसत नाहीत. कापड आपल्याच मर्जीने हवेत तरंगतंय.

ही लबाडी कुठे उघडी पडायची तर शिवणाच्या कागदी नमुन्यांच्या पाकिटावर. सिंप्लिसिटी, मॅकॉल्स, बटरिक या अमेरिकन कंपन्यांची ती पाकिटं. समोर अशीच एक उंच बाई, नक्षीदार ड्रेस घातलेली, चेहऱ्यावर जगाची पर्वा नसल्याचा भाव. पाकीट उलटलं की बारीक अक्षरांत कोष्टक: ३५ इंच पन्हा असेल तर इतके यार्ड, ३९ असेल तर इतके, ४५ असेल तर इतके. आणि त्याखाली सूचना, चौकडी, पट्टे किंवा एका दिशेची नक्षी असेल तर कापड जास्त घ्यावे. किती जास्त ते बहुतेक वेळा सांगितलेलं नसे. चित्र काढणारी आणि कोष्टक करणारी माणसं वेगळी. त्यांची कधी गाठ पडत असेल की नाही देव जाणे. मला ही पाकिटं फार आवडतात. एका बाजूला ड्रेस, दुसऱ्या बाजूला त्याची शिक्षा.

पानांच्या काळ्या रंगाविषयी अजून सांगायचंय. जवळून पाहिलं की दिसतं, पिवळा रंग ड्रेसच्या बाह्यरेषेत नीट बसलेला नाही. कुठे रेषेच्या बाहेर सांडलाय, कुठे आतच थांबलाय आणि पांढरा कागद दिसतो. पानांचंही तेच: काळा फराटा एकीकडे, त्यावर ओढलेली शिरेची पांढरी रेघ थोडी बाजूला. त्या दशकातल्या चित्रांत हे इतक्या वेळा दिसतं की आपण ते 'जुन्या जाहिरातींची स्टाइल' म्हणून सोडून देतो.

रंग आणि रेषा अशी एकमेकांपासून सुटी करण्याची सवय राऊल दुफी यांच्या चित्रांत ठळक दिसते. दुफी म्हणजे समुद्र, शर्यतीचे घोडे, शिडाच्या होड्या, निळे पसारे. पण ते मोठे कापड नक्षीकारही होते. १९११मध्ये पोल प्वारे या ड्रेसवाल्याबरोबर त्यांनी ठसे कोरून कापड छापायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षापासून लियाँच्या बियांकिनी-फेरिये या रेशीम कंपनीसाठी अनेक वर्षं नक्ष्या काढल्या. रंग आपल्या जागी, रेषा आपल्या जागी, दोघांनी एकमेकांना चिकटून राहायची गरज नाही, हे त्यांच्या चित्रांचं ओळखीचं लक्षण झालं. छपाईच्या कामात हे रोज डोळ्यांसमोर असतं. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, आणि दुसरा ठसा पहिल्याच्या केसभर बाजूला पडला की रंग रेषेतून निसटतो. ती छपाईची चूक दुफींनी चित्रात आणली असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण कापडाच्या कारखान्यात इतकी वर्षं घालवलेल्या माणसाला ती दिसली नसेल असंही वाटत नाही.

मग जुन्या मासिकाच्या पानावर रंग सरकलेला दिसला तर तो चित्रकाराच्या हाताचा की छापखान्याचा? ओळखायची युक्ती सोपी आहे. सगळ्या पानभर रंग एकाच दिशेने, एकसारखा सरकलेला असेल तर ती छापखान्याची करणी. एका ठिकाणी डावीकडे, दुसरीकडे खाली, तिसरीकडे नुसता अपुरा, असं असेल तर हात. माझ्या चित्रात तर मूळ बोर्डच समोर आहे, शंकेला जागा नाही. आणि त्या सरकण्याचा परिणाम असा की ड्रेस नुकताच हलून थांबलाय असं वाटतं.

छपाईचा विषय निघालाच आहे तर या चित्रांचं पोट कशावर चालायचं तेही सांगते. १९३२च्या जुलैमध्ये व्होगच्या मुखपृष्ठावर पहिला रंगीत फोटो आला, एडवर्ड स्टायकेन यांचा. मासिकांच्या गुळगुळीत कागदावर कॅमेऱ्याने हळूहळू चित्रकारांना मागे सारलं. व्होगचे मालक काँडे नास्ट यांची तर तक्रारच होती की चित्रकारांना मजेदार चित्र करण्यात रस, ड्रेस कसा आहे ते सांगण्यात नाही. (तक्रार अगदीच खोटी नव्हती. चित्रकार क्रिस्तियाँ बेरार कित्येकदा बाईला चेहराच देत नसत, आणि हार्पर्स बझारचे मालक हर्स्ट यांना ते मुळीच रुचायचं नाही.) पण रोजच्या वर्तमानपत्राचा कागद जाडाभरडा, शाई पिणारा. त्यावर फोटो छापायचा तर तो ठिपक्यांत फोडणारी जाळीही भरड लागायची, इंचाला ६५ ओळींच्या आसपास. अशा जाळीतून छापील ड्रेसचा फोटो काढला की ड्रेसवरची बुट्टी आणि जाळीचे ठिपके यांचं भांडण लागतं आणि हाती करडा चिखल येतो. काळ्या शाईची रेषा मात्र त्या कागदावर ठणठणीत उमटते. करडी छटा हवी असेल तर बेन डे यांनी १८७९ साली काढलेली ठिपक्यांच्या पडद्यांची पद्धत होतीच. म्हणून मासिकांतून हद्दपार होऊ लागलेलं चित्र दुकानांच्या वर्तमानपत्री जाहिरातींत आणखी बरीच वर्षं टिकलं. आय. मिलर कंपनीच्या बुटांच्या, १९५५पासून न्यूयॉर्क टाइम्समध्ये येऊ लागलेल्या जाहिरातींची चित्रं अँडी वॉरहॉल यांची. ओल्या शाईचा छाप दुसऱ्या कागदावर टेकवून काढलेली त्यांची तुटक रेषा त्या कागदावर किती शोभायची!

या कामातलं पुष्कळसं वाऱ्यावर गेलं. छपाईचा ठोकळा तयार झाला की मूळ चित्राचं काम संपलं.

आणि ती बाई? तिच्याबद्दल मला दोन गोष्टी एकाच वेळी वाटतात आणि त्यांचं पटत नाही. खऱ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांची. फॅशनच्या चित्रातली बाई नऊ डोक्यांची, कधी त्याहून जास्त, आणि वाढलेली सगळी उंची पायांत. ती नेहमी गोरी. नेहमी सडपातळ. हातमोजे घालून कुठेतरी निघालेली, आणि तिने कधी भांडं घासलंय अशी शंकाही येऊ नये अशी. त्या पांढऱ्या गवाशखालची मूळ कंबर बघितली की राग येतो. कुणीतरी जिवंत मुलगी तिथे उभी होती, एका पायावर भार, पाय भरून येईपर्यंत, आणि तिची कंबर दुरुस्त करण्यात आली.

पण चेहरा नसण्याचा मला राग येत नाही. जाहिरातवाल्यांचं म्हणणं असं असणार की कोऱ्या चेहऱ्याच्या जागी गिऱ्हाईक स्वतःला बघेल. असेल. मला मात्र वाटतं की डोळे नसल्यामुळेच ती आपल्याला काही विकत नाही. पुढे फोटोतल्या मॉडेली कॅमेऱ्यात रोखून बघायला लागल्या, त्यांच्या नजरेत आर्जव असतं किंवा आव्हान. ही आपली हातमोज्याचं बटण लावते आहे. तो हातमोजा, ते छोटं काज, त्यात अडकलेलं नख, हे चित्रातलं सगळ्यात बारकाईने काढलेलं काम आहे. पानं सोडून दिली, डोळे सोडून दिले, आणि हे बटण काढलं.

१९६०च्या दशकात या सगळ्याची गरजच संपली. कॅमेऱ्यावर त्याचं खापर फोडतात, ते बरोबरच आहे, पण शिवणारी म्हणून मला दुसरंही कारण दिसतं. ड्रेस बदलला. घेर गेला, कंबर गेली, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ लोंबणारा शिफ्ट ड्रेस आला. १९६५च्या शरद संग्रहात पॅरिसचे डिझायनर इव्ह सँ लोराँ यांनी चित्रकार मॉन्ड्रियनच्या चौकटींचे ड्रेस दाखवले. जर्सीचे रंगीत तुकडे आणि काळ्या पट्ट्या जोडून केलेले, आणि अंगाला आकार देणाऱ्या शिवणी त्या काळ्या पट्ट्यांच्या कडांत लपवलेल्या. शिलाई म्हणून ते अफाट काम आहे, मी टोपी काढते. पण त्या ड्रेसवर चुणी कुठेच नाही. नक्षी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट, पूर्ण, समोर. असा ड्रेस फोटोत उत्तम येतो. आणि अर्धं पान चुणीत घालून दोन बोटं खाली बाहेर काढणारीला तिथे करण्यासारखं काही नसतं.

काही जण तरीही काढत राहिले. अँटोनियो लोपेझ यांनी साठच्या दशकातल्या तरुण मुलींना त्यांच्या तालावर पकडलं. केनेथ पॉल ब्लॉक विमेन्स वेअर डेली या कपड्यांच्या धंद्यासाठीच्या न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात १९५०च्या दशकात लागले होते. शिफ्ट आला, मिनी आला, पुन्हा घेर आला, ते कोळसा आणि जलरंग घेऊन बसलेलेच. १९९२ साली त्या वर्तमानपत्राच्या कंपनीने आपला चित्रकारांचा विभाग बंद केला, तोवर.